रनिंग शूज कसे निवडायचे? दुकानातलं मशीन म्हणतंय माझे पाय सपाट आहेत

गार्गी_पुणे
नमस्कार मंडळी. मी गेल्या वर्षीपासून पळायला लागलेय. आधी नुसतं चालणं, मग सोसायटीतल्या दोघीतिघींबरोबर विद्यापीठाच्या आवारात हळूहळू जॉगिंग, आता दहा किलोमीटर न थांबता होतात. यंदा साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन करायचं मनात आहे. आत्तापर्यंत लेकीचे जुने बूट वापरत होते, ते आता टाचेला बाहेरच्या बाजूने पार झिजलेत.

काल एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने मला एका मशीनवर उभं केलं, स्क्रीनवर लाल-पिवळे डाग आले, आणि तो म्हणाला मॅडम तुमचे पाय फ्लॅट आहेत, ओव्हरप्रोनेशन आहे म्हणजे पाय जास्तच आत कलतात, साधे शूज घातलेत तर गुडघे जातील. जी जोडी काढून दिली ती चौदा हजारांची. पायात घातली तर तळव्याच्या आतल्या बाजूला काहीतरी टोचल्यासारखं वाटत होतं, करंगळीही दाबली जात होती. तो म्हणाला वापरून सवय होईल. विचार करून सांगते म्हणून निघून आले.

माझे गुडघे आजवर कधीही दुखले नाहीत. पण आता मनात किडा सोडलाय त्याने. तुम्ही सगळे शूज कसे निवडता? पाय सपाट असतील तर खरंच वेगळे बूट लागतात का?

निवांत
करंगळी दाबली जात असेल तर घेऊ नका. विषय संपला :)

सह्यभटक्या
निवांत +१. बूट पहिल्या मिनिटापासून पायाला बरा वाटला पाहिजे. चामड्याचा बूट वापरून सैल होतो, रनिंग शूज तसे सैलावत नाहीत, वरची जाळी थोडीफार ताणली जाते पण आतला साचा आहे तसाच राहतो. आज चावतोय तो अठराव्या किलोमीटरला रक्त काढणार.

केदार_ठाणे
मी उलट बाजूने लिहितो. माझेही पाय सपाट आहेत, लहानपणी ओल्या पायाने फरशीवर उभं राहिलो की अख्खा पाय उमटायचा. साध्या बुटात पळायला लागलो तेव्हा नडग्यांच्या आतल्या बाजूला सतत दुखायचं. ओळखीच्या एका जुन्या रनरने स्टॅबिलिटी शूज, म्हणजे पायाला जास्त आधार देणारे, घ्यायला लावले आणि ते दुखणं गेलं. तेव्हापासून मी त्याच प्रकारचे घेतोय. त्यामुळे दुकानदार सरसकट फसवतात असं म्हणू नये, काहींना त्याचा उपयोग होतो.

अनुजा_फिजिओ
गार्गीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, पळणारे पेशंट रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, टाच बाहेरच्या बाजूने झिजणं अगदी नॉर्मल आहे. बहुतेक माणसं टाचेच्या बाहेरच्या कडेवर उतरतात आणि मग पाय आत कलतो. या आत कलण्यालाच प्रोनेशन म्हणतात आणि तो आजार नाही, धक्का पचवायची शरीराची ती पद्धत आहे. कुणाचा पाय थोडा कलतो, कुणाचा जास्त. दुसरं म्हणजे त्या मशीनने तुम्हाला उभं करून तळव्यावरचा दाब मोजला. उभं राहणं वेगळं, पळणं वेगळं.

आता सपाट पायाचं. तळव्याची कमान बघून बूट द्यायचे ही पद्धत कित्येक वर्षं चालू होती. अमेरिकन सैन्याने २००९-१० च्या सुमारास ती तपासून पाहिली. आर्मी, एअर फोर्स आणि मरीन अशा तिन्ही ठिकाणच्या नव्या भरतीतल्या हजारो मुलामुलींचे दोन गट केले. एका गटाला कमानीप्रमाणे बूट दिले, म्हणजे सपाट पायाला घट्ट आधाराचे, उंच कमानीला मऊ वगैरे. दुसऱ्या गटाला कमान न बघता सरसकट एकच प्रकार दिला. प्रशिक्षण संपेपर्यंत दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. तेव्हा "साधे घातले तर गुडघे जातील" हे इतक्या खात्रीने कुणी सांगू शकत नाही.

कॅलगरी विद्यापीठात बेनो निग म्हणून संशोधक आहेत, त्यांचं आयुष्य याच विषयात गेलं. २०१५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की पायाला जो बूट सगळ्यात आरामदायी वाटतो तो निवडा, कारण तुमचं शरीर ज्या पद्धतीने हलायला बघतं त्याच्या आड तो बूट येत नाही. मीही पेशंटना हेच सांगते.

केदार, तुम्हाला ज्याने बरं वाटतं ते अजिबात बदलू नका. दुखणं असेल तेव्हा आधाराचा बूट करून बघणं योग्यच आहे. माझा आक्षेप फक्त काहीही दुखत नसलेल्या माणसाला भीती घालण्याला आहे.

केदार_ठाणे
पटलं. माझं दुखणं आधी होतं, बूट नंतर आले. ताईंचं तसं नाही.

मंजिरी_नाशिक
फार चांगला प्रतिसाद अनुजा. दुकानातल्या पोरांना टार्गेट असतं हेही खरं, त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, पण चौदा हजार म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत रनिंगच्या जुन्या दुकानांमध्ये अजून ब्रॅनॉक डिव्हाइसने पाय मोजतात. १९२० च्या दशकातलं डिझाइन आहे, धातूची पट्टी आणि त्यावर दोन सरकते भाग. गंमत म्हणजे ते नुसती लांबी मोजत नाही, रुंदीही मोजतं आणि टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतचं अंतरही. माझी बोटं आखूड आणि तळवा लांब आहे, हे मला त्या पट्टीवर उभं राहिल्यावर कळलं, त्याआधी बूट नेमका चुकीच्या जागी का वाकतो ते समजतच नव्हतं. वाकण्याची जागा तुमच्या चवड्याखाली आली पाहिजे, हे दुकानात चवड्यावर उभं राहून लगेच बघता येतं.

अवांतर: इथला ९ म्हणजे तिकडचा ८ (पुरुषांचे). भारतात यूके साइज चालते. भारतातून कुणी मागवायला सांगितलं तर आधी सेंटिमीटर विचारा. भाऊजींसाठी नेलेली जोडी अशीच परत आणावी लागली होती.

शिल्पा_कोथरूड
गार्गी, करंगळी दाबली जाते म्हणजे तुझा पंजा रुंद आहे. बायकांच्या बुटांचा साचा मुळात अरुंद असतो. बायकांची नेहमीची रुंदी बी, पुरुषांची डी, आणि पुरुषांच्यात वाइड हवा असेल तर २ई, ४ई. आपल्याकडे बायकांचे वाइड बूट दुकानात सहसा ठेवतच नाहीत, मागवावे लागतात. सोपा उपाय म्हणजे त्याच नंबरचे पुरुषांचे घालून बघ. यूके साइजमध्ये बायकांचा आणि पुरुषांचा नंबर एकच असतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. फक्त टाच सैल वाटतेय का ते बघायचं, कारण पुरुषांच्या बुटाची टाचही रुंद असते. मी कित्येक वर्षं पुरुषांचेच वापरते, नवऱ्याचा आणि माझा नंबर एकच, त्यामुळे घरात रोज सकाळी माझे बूट कुठेत यावरून दंगा!

निवांत
शिल्पाताई, जो आधी उठेल त्याचे बूट :)

श्रीरंग_चेन्नई
रुंद पंजाचा विषय निघालाच आहे तर, इथे चेन्नईत सीएलआरआय ही चामड्यावर काम करणारी सरकारी संशोधन संस्था आहे. त्यांनी देशभरात एक लाखाहून जास्त भारतीयांचे पाय मोजून घेतले आणि २०२४ मध्ये भारतीय पायांसाठी 'भा' नावाची वेगळी साइज पद्धत सुचवली. त्यात निघालेली ठळक गोष्ट हीच की आपले पाय युरोपियन-अमेरिकन लोकांपेक्षा रुंद असतात. म्हणून आपण काय करतो, रुंदीला बसावा म्हणून एक नंबर मोठा घेतो, मग पुढे जागा उरते, पाय आत सरकतो आणि लेस करकचून आवळतो. निम्म्या लोकांचे फोड यातूनच येत असणार असं माझं मत.

बालाघाट_रनर
मी बीड जिल्ह्यातला. पोलीस भरतीची तयारी करतोय. आमच्या अकॅडमीत पन्नासेक पोरं-पोरी आहेत. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, आणि त्यातलं एकेक सेकंद मोलाचं. इथे चौदा हजाराचे बूट म्हटलं तर वर्षाचा खर्च झाला. बरीच पोरं आठवडी बाजारातले चारपाचशेचे घेतात, त्याचा सोल महिनाभरात दगड होतो. काही जण सरळ अनवाणी पळतात मैदानावर. माझा प्रश्न, दीड-दोन हजारात काय बघून घ्यावं? आणि अनवाणी पळणं खरंच वाईट आहे का, का तेच चांगलं?

केदार_ठाणे
अनवाणीचं म्हणाल तर आपल्याच बारामतीत लता करे आजींनी नऊवारी नेसून, अनवाणी पळून मॅरेथॉनमधली ज्येष्ठांची शर्यत जिंकली ना, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून. साठी ओलांडलेली बाई. बूट हे सगळं नंतरचं, आधी जिगर.

मंजिरी_नाशिक
केदार, त्या आजींना साष्टांग नमस्कार, पण त्यांच्याकडे बूट नव्हते म्हणून त्या अनवाणी पळाल्या. त्याचा आदर्श करून गरीब पोरांना बूट नकोत असं कुणी म्हणायला लागलं तर मला ते अजिबात चालणार नाही.

केदार_ठाणे
तसं म्हणायचं नव्हतं ताई. मान्य.

अनुजा_फिजिओ
अबेबे बिकिलाचं उदाहरणही नेहमी देतात. १९६० ला रोममध्ये इथिओपियाचा हा गडी अनवाणी पळून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. पण तिथे मिळालेले नवे बूट त्याच्या पायाला नीट बसेनात, आणि अनवाणी पळायची सवय होती, म्हणून तो तसा पळाला. चार वर्षांनी टोकियोत तोच माणूस बूट घालून पुन्हा जिंकला, आणि आधीपेक्षा वेगात. न बसणाऱ्या बुटापेक्षा त्याला मोकळा पाय बरा वाटला, मी तरी त्यातून एवढंच घेते.

बालाघाट, जी मुलं लहानपणापासून शेतात, मैदानात अनवाणी वावरलीत त्यांचे तळवे आणि पोटऱ्या तयार असतात, मातीच्या ट्रॅकवर थोडं अनवाणी पळायला काही हरकत नाही, फक्त काच-काटा बघून. पण आयुष्यभर बुटात वावरलेला शहरी माणूस एकदम अनवाणी डांबरावर पळाला तर पोटरी आणि टाचेमागची शीर धरते. पाच बोटांचे बूट निघाले होते आठवतात? 'पाय मजबूत होतात' या दाव्यावरून व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला आणि २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलर देऊन त्यांनी तो मिटवला.

सह्यभटक्या
बालाघाट, दोन हजारात नक्की मिळतात. डेकॅथलॉनचे साधे रनिंगचे किंवा देशी कंपन्यांचे. दुकानात हातात घेऊन एवढं बघा. बूट दोन्ही हातांनी वाकवा, तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. टाचेचा मागचा कप अंगठ्याने दाबा, अगदी लुळा नको. सोलचा फोम नखाने दाबा, दबून परत वर आला पाहिजे, दगडासारखा असेल तर तो बाजारातलाच माल. आणि आतलं पातळ गादीसारखं इन्सोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा, त्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर सांडत असेल तर बूट अरुंद, किंमत कितीही असू दे.

शेवटचं हे सगळ्यांनीच करा, गार्गीताईंनी पण.

गार्गी_पुणे
इन्सोलची युक्ती भारी आहे! आत्ताच लेकीच्या बुटांवर करून पाहिली. करंगळी पूर्ण बाहेर. लेकीचा पाय माझ्यापेक्षा अरुंद आहे हे मला माहीतच नव्हतं.

ऋग्वेद_९८
मी बॉम्बेत टाटा मॅरेथॉनची हाफ करतोय जानेवारीत, पहिलीच. सोलमध्ये कडक कार्बन प्लेट असलेले घेऊ का? सगळे एलिट तेच घालतात. ऑफरमध्ये मिळतायत.

न्यूजर्सीकर
भाऊ, ते बूट वेगळ्या कामाचे. इथिओपियाच्या टिग्स्ट असेफाने २०२३ ला बर्लिन मॅरेथॉनमध्ये २:११:५३ ची वेळ काढली तेव्हा तिच्या पायात १३८ ग्रॅमचा बूट होता, किंमत पाचशे डॉलर, आणि कंपनीनेच सांगितलं होतं की हा एका मॅरेथॉनपुरता आहे. असल्या बुटांनी वेग वाढतो हे खोटं नाही, म्हणून तर वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सला २०२० मध्ये नियम करावा लागला, रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत एकच प्लेट. पण एवढ्या उंच मऊ फोमवर घोटा डुगडुगतो, हळू पळताना आणि वळणावर तर जास्तच. पहिली हाफ साध्या ट्रेनरमध्ये, म्हणजे रोजच्या सरावाच्या बुटात कर. पेडर रोडचा चढ बुटाने नाही, पोटऱ्यांनी चढायचाय.

सह्यभटक्या
ऋग्वेद, आणि ज्या बुटात सराव केलास त्यातच शर्यत पळ. शर्यतीआधी एक्स्पोला बिब (छातीवर लावायचा नंबर) आणायला गेलं की तिथे बुटांचे स्टॉल बघून भल्याभल्यांचा मोह अनावर होतो, आणि रविवारी सकाळी कोरे करकरीत बूट घालून लोक उभे असतात.

विदर्भवीर
ट्रेकिंगचे बूट घालून पळलं तर चालतं का? गडावर तेच घालतो, दोन वेगळे कशाला घ्यायचे.

सह्यभटक्या
चालतं पण मजा जाते. ट्रेकचा बूट जड आणि कडक, दगडावर पकड धरायला बनवलेला. साधारण हिशोब असा आहे की एका बुटाला शंभर ग्रॅम वाढले की पळायला एक टक्का जास्त ताकद लागते. वेताळ टेकडीवर मुरुमात पळायचं असेल तर ट्रेल रनिंग शूज बघा, खाली रबरी दात असतात. तेच रोज काँक्रीटच्या रस्त्यावर घातले तर दात लवकर घासून जातात, म्हणून रस्त्याला रस्त्याचेच.

शिल्पा_कोथरूड
दोन वेगळे घ्यावेत यावर थोडं. लक्झेंबर्गमध्ये २६४ रनर्सवर बावीस आठवडे अभ्यास झाला होता. जे दोन-तीन वेगवेगळ्या जोड्या आलटून पालटून वापरत होते त्यांना दुखापतीचा धोका एकच जोडी वापरणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के कमी निघाला. कारण बहुधा हे की प्रत्येक बूट पायाच्या वेगळ्या भागावर ताण देतो. जमत असेल तर चौदा हजारांची एक घेण्यापेक्षा सहा-सात हजारांच्या दोन वेगवेगळ्या घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

फक्त ड्रॉप बघून घे, म्हणजे टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक. नेहमीच्या बुटांत दहा-बारा मिलिमीटर असतो, काहींत चार-पाच, आल्ट्रा कंपनीच्या बहुतेक बुटांत शून्य. कमी ड्रॉपवर एकदम उडी मारलीस तर पोटऱ्या ओरडतील. सुरुवात छोट्या रनने कर.

गार्गी_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर दुसऱ्या दुकानात गेले, स्वतःचे मोजे घेऊन. एकामागून एक बऱ्याच जोड्या घातल्या आणि प्रत्येकीत दुकानाबाहेरच्या पॅसेजमध्ये पळून पाहिलं, तिथल्या ताईंनी काही हरकत घेतली नाही. शेवटी पुरुषांची ७ नंबरची न्यूट्रल, म्हणजे जास्तीचा आधार नसलेली साधी जोडी घेतली, साडेसहा हजार. पंजा मोकळा, टाच किंचित सैल आहे. साताऱ्याला चालेल ना?

सह्यभटक्या
उत्तम केलंत, आणि संध्याकाळी गेलात ते फारच चांगलं, दिवसभरात पाय सुजतात, पळतानाही सुजतात.

साताऱ्याचं ऐका. पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला, आणि मग तोच रस्ता उतरायचा. चढाला दम लागतो पण बुटाची परीक्षा उतारालाच. पाय पुढे सरकतो, अंगठा पुढच्या भिंतीवर आपटत राहतो आणि नखं काळी पडतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि ती सगळ्यात लांब बोटापासून मोजायची, कित्येकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं.

टाच सैल आहे त्यावर लेसचा उपाय. बुटाला सगळ्यात वर, घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, बहुतेक लोक ते मोकळंच सोडतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून बाहेरून आत घाला, पूर्ण ओढू नका, छोटी कडी ठेवा. दोन्हीकडे कड्या झाल्या की डाव्या लेसचं टोक उजव्या कडीतून आणि उजव्याचं डाव्या कडीतून काढा. मग दोन्ही टोकं खाली टाचेच्या दिशेने ओढा, कड्या आवळतात आणि टाच मागे घट्ट बसते. पंजाकडची लेस सैलच ठेवायची. नखं दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. आणि एकदा तरी सिंहगडाच्या घाटातल्या डांबरी रस्त्यावर उतार पळून बघा.

मंजिरी_नाशिक
पावसाचं पण सांगा कुणीतरी. आमच्याकडे जूनपासून बूट वाळतच नाहीत, वास येतो.

अनुजा_फिजिओ
इन्सोल बाहेर काढायचं, वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबायचे, दोन-तीन तासांनी बदलायचे, पंख्याखाली ठेवायचे. हीटरसमोर किंवा ड्रायरमध्ये नको, उष्णतेने चिकटवलेला सोल सुटतो. मशीनला पण लावू नका. ओले बूट असताना दुसरी जोडी लागतेच, म्हणून शिल्पा म्हणते त्याला माझंही अनुमोदन.

ऋग्वेद_९८
बूट बाद कधी करायचे?

केदार_ठाणे
साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर म्हणतात. वजन, रस्ता, फोम यावर आहे. सोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडून तशाच राहिल्या, किंवा नेहमीच्या रननंतर कारण नसताना नडग्या-गुडघे कुरकुरायला लागले की बदलायची वेळ. वरून बूट नवाकोरा दिसत असतो तेव्हाही फोम गेलेला असू शकतो.

मंजिरी_नाशिक
माझ्याकडे मुलाच्या दोन जोड्या पडून आहेत, थोड्याच वापरलेल्या, त्याचा पाय वाढला. बालाघाट, तुमच्या अकॅडमीत चालतील का? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शिल्पा_कोथरूड
माझ्याकडूनही एक. नंबर सांगा कोणते लागतात.

बालाघाट_रनर
ताई, खूप खूप धन्यवाद, व्यनि केलाय. पोरांना ८ आणि ९ नंबर, पोरींना ४ आणि ५ जास्त लागतात. वरून फाटलेले असले तरी चालतील, शिवून घेऊ. फक्त फोम गेलेले नकोत, त्यात पळून पोरांच्या नडग्या धरतात आणि भरती तोंडावर आलीय.